बाडेन-वुर्टेंबर्ग दुहेरी विद्यापीठ

नैर्ऋत्य जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याचे सरकारी विद्यापीठ. पदवीचे शिक्षण आणि कंपनीतील प्रत्यक्ष काम यांची एकत्र बांधणी हे त्याचे वैशिष्ट्य. जर्मन नाव ‘डुआले होखशुले बाडेन-वुर्टेंबर्ग’. मुख्यालय श्टुटगार्ट येथे. विद्यार्थी साधारण तीन महिने वर्गात आणि तीन महिने कंपनीत असे आलटून-पालटून तीन वर्षे शिकतो. या तिन्ही वर्षांत, वर्ग चालू असतानाही, कंपनी त्याला दरमहा वेतन देते आणि अखेरीस त्याला बॅचलर पदवी मिळते. विद्यार्थिसंख्या ३०,००० हून अधिक असून सुमारे ९,००० कंपन्या व सामाजिक संस्था विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत. व्यवसाय प्रशासन, तंत्रज्ञान, समाजकार्य आणि आरोग्य या येथील मुख्य विद्याशाखा. प्रस्तुत नोंदीत व्यवसाय प्रशासनाच्या शिक्षणाचा प्रामुख्याने विचार केला आहे.

पार्श्वभूमी : जर्मनीत कारागिरी, व्यापार आणि कचेरीतील कामे उमेदवारीतून शिकण्याची परंपरा जुनी आहे. उमेदवार आठवड्यातील बहुतेक दिवस मालकाकडे काम करतो आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत जातो. १९६९ च्या व्यवसायशिक्षण कायद्याने या पद्धतीला देशभर एकसारखी चौकट मिळाली. त्याच सुमारास विद्यापीठांची दारे अधिक मुलांसाठी खुली होऊ लागली आणि शालान्त परीक्षा चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेली मुले उमेदवारीकडे पाठ फिरवू लागली. कंपन्यांना हुशार उमेदवार मिळेनात. उलट विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला कंपनीच्या कामाची ओळख करून देण्यात बराच काळ जाई. उमेदवारीची शिस्त पदवीच्या पातळीवर नेता येईल का, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

इतिहास : १९७२ मध्ये श्टुटगार्ट परिसरातील डाइम्लर-बेन्झ, रॉबर्ट बॉश आणि स्टँडर्ड इलेक्ट्रिक लोरेन्झ या कंपन्यांनी स्थानिक प्रशासन व अर्थशास्त्र प्रबोधिनी आणि उद्योग व वाणिज्य मंडळ यांच्या साहाय्याने एक योजना मांडली. ती ‘श्टुटगार्ट प्रतिमान’ म्हणून ओळखली जाते. राज्याचे तत्कालीन शिक्षणमंत्री व्हिल्हेल्म हान यांच्या खात्याने ती उचलून धरली. १ ऑक्टोबर १९७४ रोजी श्टुटगार्ट आणि मानहाइम येथे ‘बेरुफ्सअकाडेमी’ म्हणजे व्यवसाय प्रबोधिनी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. पहिल्या तुकडीत १६४ विद्यार्थी होते आणि ५१ आस्थापना सहभागी झाल्या होत्या.

प्रयोगाचे मूल्यमापन झाल्यावर १९८२ च्या कायद्याने या प्रबोधिनी राज्याच्या शिक्षणव्यवस्थेचा कायम भाग झाल्या. तरीही त्यांची पदविका इतर उच्चशिक्षणसंस्थांच्या पदवीच्या तोडीची मानायची का, हा वाद अनेक वर्षे चालला. १९९५ मध्ये जर्मन राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ही समकक्षता मान्य केली. युरोपभर पदव्यांची रचना एकसारखी होऊ लागल्यावर २००६ पासून बॅचलर अभ्यासक्रम आले. १ मार्च २००९ रोजी राज्यातील सर्व प्रबोधिनी एकत्र आणून सध्याचे विद्यापीठ स्थापन करण्यात आले. एका मध्यवर्ती कार्यालयाखाली अनेक गावांत केंद्रे असावीत, ही रचना अमेरिकेतील राज्य विद्यापीठांच्या धर्तीवर आहे. श्टुटगार्ट, मानहाइम, कार्ल्सरूह, हाइलब्रॉन, हाइडेनहाइम, लोर्राख, मोसबाख, राव्हेन्सबुर्ग आणि फिलिंगेन-श्वेनिंगेन येथे मुख्य केंद्रे आहेत. त्यांतील बरीच लहान शहरांत असल्यामुळे तेथील मध्यम आकाराच्या, बहुधा कौटुंबिक मालकीच्या कारखान्यांनाही आपल्या परिसरातली तरुण मुले पदवीच्या वाटेने हाताशी मिळतात.

प्रवेश : येथे प्रवेशाची सुरुवात कंपनीपासून होते. शालान्त परीक्षेच्या वर्षी, किंबहुना त्याच्या आधीच, विद्यार्थी सहभागी कंपन्यांकडे अर्ज करतो आणि मुलाखती देतो. निवड झाली की तीन वर्षांचा करार होतो. वेतन, रजा, कामाचे तास आणि शिकवण्याच्या कामांची रूपरेषा त्यात नमूद असते. हा करार आणि शैक्षणिक पात्रता असली की विद्यापीठात जागा मिळते. मध्यवर्ती गुणवत्ता यादीची चढाओढ त्यामुळे उरत नाही, मात्र कंपनीच्या निवडीत उत्तीर्ण व्हावेच लागते.

कंपनीचीही परीक्षा होते. विद्यार्थ्याकडे लक्ष देणारी पात्र व्यक्ती तिच्याकडे आहे का, अभ्यासक्रमाला लागणारी कामे तिच्या विभागांत होतात का, हे विद्यापीठ तपासते. मान्यता मिळालेल्या आस्थापनेला ‘दुहेरी भागीदार’ म्हणतात. कायद्याने या भागीदार आस्थापना विद्यापीठाच्या सदस्य आहेत आणि त्यांचे प्रतिनिधी विद्यापीठाच्या मंडळांवर बसतात. शिक्षणाची निम्मी जबाबदारी त्यांच्यावर असल्यामुळे निर्णयातही त्यांना वाटा दिलेला आहे.

अभ्यासक्रम : शैक्षणिक वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होते. तीन वर्षांत सहा सत्रे असून प्रत्येक सत्रात एक वर्गकाळ आणि एक कंपनीकाळ येतो. पदवीला युरोपीय पद्धतीचे २१० श्रेयांक आहेत. जर्मनीतील नेहमीच्या तीन वर्षांच्या बॅचलर पदवीला १८० श्रेयांक लागतात. वाढीव श्रेयांक कंपनीतल्या शिक्षणातून येतात. एका श्रेयांकामागे ३० तास धरले, तर वर्षाला सुमारे २,१०० तासांचा अभ्यास होतो.

व्यवसाय प्रशासनात उद्योग, बँक, विमा, किरकोळ व घाऊक व्यापार, मालवाहतूक, पर्यटन अशा शाखा आहेत. विद्यार्थी जिथे काम करतो त्या क्षेत्रानुसार शाखा ठरते. वर्गात हिशेबशास्त्र, खर्चलेखन, विपणन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, करार व कंपनी कायदा हे विषय सर्वांना असतात. वर्ग साधारण ३० जणांचे असतात. प्राध्यापकांच्या जोडीने बँका, कारखाने, वकिली व लेखापरीक्षण या क्षेत्रांत काम करणारी माणसे मोठ्या प्रमाणावर शिकवायला येतात.

कंपनीकाळाचे स्वरूप : कारखान्याच्या व्यवसाय प्रशासनाचा विद्यार्थी पहिल्या वर्षी बहुधा खरेदी, कोठार आणि लेखा विभागांतून फिरतो. खरेदी विभागात त्याच्यासमोर एकाच सुट्या भागाची तीन पुरवठादारांची कोटेशन्स येतात. दर, वाहतूक, पुरवठ्याची मुदत आणि उधारीचे दिवस यांचा तक्ता करून कोणाचा माल खरोखर स्वस्त पडतो हे त्याला मांडावे लागते. लेखा विभागात पुरवठादाराचे बिल आले की परचेस ऑर्डर, माल आल्याचे चलन आणि बिल या तीन कागदांवरील नग व दर जुळतात का, हे पाहायला तो शिकतो. एखाद्या चलनावर ५०० नग आणि बिलावर ५२० नग असले, तर पैसे का अडवायचे, कोणाला फोन करायचा आणि नोंद कशी करायची, हे त्याला तिथेच कळते. पुढच्या वर्गकाळात खर्चलेखनाचा तास सुरू होतो तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या खात्यांमागचे कागद त्याने हाताळलेले असतात.

तिसऱ्या वर्षापर्यंत कामाची जबाबदारी वाढते. विक्रीचा अंदाज, एखाद्या उत्पादनाच्या किमतीची फेररचना, परदेशी ग्राहकाशी बोलणी अशा कामांत तो सहभागी होतो. काही कंपन्या एक कंपनीकाळ आपल्या परदेशी शाखेत घालवू देतात.

मूल्यमापन : केलेल्या कामावर प्रकल्प-अहवाल लिहावे लागतात. अहवालाचा विषय कंपनीतल्या खऱ्या अडचणीतून येतो, मात्र मांडणी शास्त्रीय असावी लागते : प्रश्न, पद्धत, आकडे, निष्कर्ष. पदवीचा प्रबंध १२ श्रेयांकांचा असून तोही बहुतेक वेळा कंपनीच्याच प्रश्नावर असतो. अहवाल उत्तम झाला तर त्यातली सूचना कंपनीत अमलात येऊ शकते. विद्यार्थ्याच्या लेखनाला असा उपयोग लाभणे ही या पद्धतीची मोठी शैक्षणिक देणगी आहे.

फलित व मर्यादा : पदवीनंतर बहुसंख्य विद्यार्थी आपल्याच कंपनीत नोकरीला लागतात. तीन वर्षे दोघांनी एकमेकांना पारखलेले असते. वेतनामुळे घरच्यांवर भार कमी पडतो आणि साध्या परिस्थितीतल्या मुलामुलींना उच्चशिक्षणाची वाट मोकळी होते.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. विद्यार्थ्याला सत्रान्त सुट्ट्या मिळत नाहीत. नोकरदाराप्रमाणे कंपनीची रजा मिळते, तीही कंपनीकाळातच घ्यावी लागते. परीक्षा आणि कंपनीकाळ एकापाठोपाठ येतात आणि विसावा नसतो. अठरा-एकोणिसाव्या वर्षी एका कंपनीशी आणि एका क्षेत्राशी बांधून घेतल्यावर दुसरा विषय आवडू लागला तर वाट बदलणे अवघड जाते. मंदीच्या काळात कंपन्यांनी जागा कमी केल्या की प्रवेशही घटतात. आवड म्हणून इतर विषय चाळण्याची, वादविवादात रमण्याची मोकळीक येथे जुन्या विद्यापीठांपेक्षा कमी आहे.

इतर पद्धतींशी तुलना : अमेरिकेत अभियंता हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी ‘को-ऑप’ शिक्षण सुरू केले. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये त्याच तत्त्वावर उभे राहिले. त्या पद्धतीत विद्यार्थी विद्यापीठात प्रवेश घेतो आणि मग प्रत्येक कामसत्रासाठी नवा मालक शोधू शकतो. त्याला अनेक कंपन्या पाहायला मिळतात. बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये एकच कंपनी तीन वर्षे त्याची घडण करते, म्हणून कामांची चढती मांडणी आधीच आखता येते.

भारत व महाराष्ट्र : श्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून भगिनी शहरे आहेत, तर २०१५ पासून महाराष्ट्र व बाडेन-वुर्टेंबर्ग यांच्यात राज्य पातळीवर भागीदारी आहे. नाशिकचा बॉशचा कारखाना आणि चाकणचा मर्सिडीज-बेन्झचा कारखाना या दोन प्रदेशांतील औद्योगिक नाते दाखवतात. मुंबईत इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सने १९९१ मध्ये सुरू केलेल्या इंडो-जर्मन ट्रेनिंग सेंटरमध्ये व्यवसाय प्रशासनाचा पदव्युत्तर कार्यक्रम दुहेरी पद्धतीने चालतो.

भारतात काम करत शिकण्याची सर्वांत मुरलेली वाट चार्टर्ड अकाउंटन्सीची. आर्टिकलशिप पूर्वी तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज इतर शाखांच्या पदवीधरांनाही उमेदवारीची दारे उघडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षणाला मुख्य प्रवाहात आणण्याचा आग्रह धरला.

मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून वाणिज्य शाखेने महाराष्ट्रातल्या लाखो घरांना पगार मिळवून दिला. आज बीकॉम, बीएमएस, बीबीएच्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप मात्र पुष्कळदा काही आठवड्यांची असते. ओळखीतून जागा मिळते, काम नेमून दिलेले नसते आणि शेवटी सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र हाती येते. श्टुटगार्टचा अनुभव सांगतो की, असा वेळ वाया जाऊ नये यासाठी तीन गोष्टी आधी ठराव्या लागतात : विद्यार्थी, कंपनी आणि महाविद्यालय यांच्यातला लेखी करार, कंपनीत त्याला शिकवण्याची जबाबदारी असलेली एक ठरावीक व्यक्ती, आणि केलेल्या कामाच्या अहवालाला पदवीच्या गुणांत मिळणारे खरे वजन. पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, इचलकरंजी येथील मध्यम कारखान्यांना लेखा, खरेदी आणि निर्यातीसाठी घडलेली माणसे हवी आहेत, आणि जवळच्याच महाविद्यालयांत ती घडू शकतात. कारखाना आणि महाविद्यालय यांच्यात तीन वर्षांचा करार करण्याची तयारी दोन्ही बाजूंनी दाखवली, तर मध्यम गावांतल्या वाणिज्य पदवीलाही हे बळ येऊ शकेल.