कानाआड करण्याची किंमत

‘मामा, सहाशे घेऊ की आठशे?’ मेलबर्नहून भाच्याचा एवढाच मेसेज आला. मला वाटलं, फ्लॅटचे चौरस फूट विचारतोय. मिनिटाभरात मागोमाग दोन फोटो आले. लांब दांडी, तिच्या खालच्या टोकाला ताटलीएवढी कॉइल, वर मोबाइलसारखा छोटा पडदा. दोन्ही फोटो इतके सारखे की एकच चुकून दोनदा पाठवला असावा असं वाटावं. मिनलॅब कंपनीचे हे मेटल डिटेक्टर, इक्विनॉक्स 600 आणि इक्विनॉक्स 800. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा एकाची किंमत 649 डॉलर होती, दुसऱ्याची 899. बेंडिगो, बॅलारॅट ही सोन्याची जुनी गावं मेलबर्नपासून दीड-दोन तासांवर. दहा वर्षं चालणारा परवाना काढला की तिथल्या सरकारी रानात बऱ्याच ठिकाणी कुणालाही सोनं शोधता येतं. पोराच्या डोक्यात हे शिरलं होतं, आणि कुठलीही खरेदी मामाला विचारल्याशिवाय करायची नाही ही त्याची जुनी खोड.

जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या यंत्रांत अडीचशे डॉलरचा फरक कशाचा, हे बघायला म्हणून वाचत बसलो, तो थेट 1881 सालच्या एका आजाऱ्याच्या खाटेपाशी जाऊन पोचलो.

आजारी म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड. 2 जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने पाठीमागून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीतून आत शिरली आणि कुठे जाऊन बसली ते कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. तेव्हा डॉक्टर मंडळी जखमेत बोटं आणि सळ्या घालून गोळी चाचपडत होती, आणि ती बोटं धुतलेली नसत. ही बातमी वाचून अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावला. टेलिफोनला तेव्हा उणीपुरी पाच वर्षं झाली होती.

बेलच्या हाताशी होती ती डेव्हिड ह्यूज याने 1879 साली लंडनमध्ये सिद्ध केलेली एक युक्ती. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात प्रवाहाचे लहान लहान भोवरे उठतात आणि ते स्वतःचं उलटं क्षेत्र तयार करतात. ह्यूजने वेटोळ्यांच्या जोड्या अशा बसवल्या की एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकी. थोडक्यात, विजेचा तराजू. दोन्ही पारडी सारखी असली की टेलिफोनच्या चकतीत शांतता. एका पारड्याजवळ नाणं न्या, तोल ढळतो आणि आवाज येतो.

बेलने रात्रंदिवस खपून हा तराजू माणसाच्या अंगावरून फिरवता येईल असा केला. मांसाच्या तुकड्यात गोळी खुपसून पाहिली. यादवी युद्धात अंगात गोळी राहून गेलेले जुने सैनिक गाठले, त्यांच्यावर प्रयोग केले. यंत्र चालत होतं. मग 26 जुलैला ते राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत गेलं आणि नुसतं खरखरलं. गडबडीत एक जोडणी चुकली होती. 1 ऑगस्टला पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी आवाज आला, पण एका ठिकाणी नाही. बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मंद, सारखा, गोंधळात टाकणारा आवाज. मग बेलने चौकशी केली तेव्हा कळलं की पेशंटच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे. तारांच्या गाद्या तेव्हा नव्या होत्या, त्यामुळे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यात मुख्य डॉक्टर ब्लिस यांनी गोळी उजव्या बाजूलाच आहे असं ठरवून टाकलेलं, म्हणून शोधही त्याच बाजूला. 19 सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवचिकित्सेत गोळी डावीकडे, स्वादुपिंडाच्या मागे निघाली.

बेलच्या यंत्राला धातू सापडत नव्हता असं नाही. नको तो धातू सापडत होता. माझ्या मते मेटल डिटेक्टरची सगळी वंशावळ त्या खाटेपासून सुरू होते, आणि दोन मॉडेलांच्या किमतींमधला फरकही तिथेच जन्माला आला. धातू दिसला की ओरडायला यंत्राला दीडशे वर्षांपूर्वीच शिकवून झालं. कानाआड काय करायचं, हे शिकवायला तेव्हापासून पैसे पडताहेत.

मधली पिढी भराभर सांगतो. गेरहार्ड फिशर हा ड्रेस्डेनमध्ये शिकलेला इंजिनिअर कॅलिफोर्नियात जाऊन विमानांसाठी रेडिओवर चालणारं दिशादर्शक बनवत होता. ते काही ठिकाणी हटकून चुकायचं. जवळपास धातूची मोठी इमारत किंवा जमिनीत खनिजाचा साठा असला की दिशा भरकटायची. दुसऱ्या कुणी ती चूक दुरुस्त करून विषय संपवला असता. फिशरने त्या चुकीचंच यंत्र केलं. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन लाकडी पेट्या, आत वेटोळी आणि व्हॉल्व्ह, असं ते धूड. त्याचं पेटंट त्याला 1937 मध्ये मिळालं.

मग युद्ध आलं. पोलंड पडल्यावर स्कॉटलंडमध्ये आलेल्या पोलिश सैन्यातला अधिकारी युझेफ कोसात्स्की याने भूसुरुंग शोधणारा डिटेक्टर तयार केला. एका सैनिकाला उचलून चालता येईल असा, चौदा किलोंच्या आतबाहेर. 1942 मध्ये एल अलामेनच्या लढाईसाठी असे 500 डिटेक्टर वाळवंटात पोचले आणि सुरुंग काढत पुढे सरकण्याचा वेग तासाला शंभर मीटरवरून दोनशेवर गेला. किमतीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचं, कोसात्स्कीने पेटंट घेतलं नाही. ब्रिटिश सैन्याला त्याने ते तसंच देऊन टाकलं. बदल्यात राजाचं आभाराचं पत्र मिळालं.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याचे शिल्लक डिटेक्टर भंगाराच्या भावात विकायला निघाले आणि समुद्रकिनाऱ्यावर, ओसाड गावांत ते कानाला लावून फिरणारी हौशी जमात तयार झाली. आपल्याकडे देवळाच्या दारात किंवा मॉलच्या तोंडाशी ज्या चौकटीतून आपण किल्ल्या खिशात ठेवूनच जातो आणि ती बिचारी ओरडत राहते, तीही याच घराण्यातली, पण त्या शाखेत मी शिरत नाही.

हौशी लोकांचं दुखणं बेलचंच होतं. दिवसभर खणायचं आणि संध्याकाळी पिशवीत खिळे, बाटल्यांची झाकणं, डब्यांचे पत्रे. 1970च्या दशकात यावर तोड निघाली. धातूकडून परत येणारा प्रतिसाद किंचित उशिरा येतो, आणि हा उशीर लोखंडाचा वेगळा, तांब्या-चांदीचा वेगळा. तेवढा फरक मोजता आला की अमुक उशिराला गप्प बस, असं यंत्राला सांगता येतं. बटण फिरवा, खिळे बंद. इथे एक गोम आहे, आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. कोल्ड्रिंकच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी या यंत्राच्या लेखी जवळजवळ सारख्याच. कडी नको म्हणालात तर अंगठीही गेली.

ऑस्ट्रेलियात तर जमीनच आड आली. सोन्याच्या रानांतली माती तांबडी, लोहयुक्त. तिच्यावर उत्तरेकडच्या देशांत बनलेली यंत्रं नुसती कण्हत. तरीही 1980 मध्ये, सोन्याचा भाव औंसाला 850 डॉलरवर जाऊन आलेल्या त्या वर्षात, व्हिक्टोरियातल्या किंगोवरला एका साध्या हौशी माणसाला अमेरिकन गॅरेट डिटेक्टरवर 27.2 किलोंचा सोन्याचा गोळा सापडला. पुढे लास वेगासच्या एका कॅसिनोने तो दहा लाख डॉलरहून जास्त देऊन घेतला. एवढा मोठा गोळा कुठल्याही यंत्राला ऐकू आला असता म्हणा. प्रश्न गव्हाएवढ्या, तांदळाएवढ्या सोन्याचा होता. 1985 मध्ये ॲडलेडला मिनलॅब उभी राहिली ती याच मातीशी भांडायला. तिथल्या ब्रूस कँडी या भौतिकशास्त्रज्ञाने दहा वर्षांनी वेगळ्या जातीचं यंत्र काढलं. सतत बोलत राहण्याऐवजी ते टाळी वाजवतं, थांबतं आणि प्रतिध्वनी ऐकतं. मातीचा प्रतिध्वनी चटकन विरतो, धातूचा रेंगाळतो. या जातीतली आजची वरची मॉडेलं हजारो डॉलरची आहेत. सुदानपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंतच्या गरीब सोनेशोध्यांनी वर्गणी काढून ती घेतली. मग चिनी नकला निघाल्या, तशी कंपनीलाही किमती उतरवाव्या लागल्या.

आता भाच्याचे अडीचशे डॉलर. कमी फ्रीक्वेन्सी चांदीच्या नाण्यांना आणि मोठ्या वस्तूंना चांगली, जास्त फ्रीक्वेन्सी सोन्याच्या बारीक कणांना. दोन्ही मॉडेलं अनेक फ्रीक्वेन्सी एकाच वेळी वापरतात, मेंदू एकच. पण 600 मध्ये बाग, शेत आणि समुद्रकिनारा अशा तीनच तऱ्हा आहेत. 800 मध्ये चौथी आहे, सोन्याची. शिवाय एकेकटी वापरायला 20 आणि 40 किलोहर्ट्‌झ, आणि वायरलेस हेडफोन. म्हणजे किनाऱ्यावर नाणी वेचायची असतील तर वरचे पैसे हेडफोनचे. सोनं शोधायचं असेल तर ते पैसे सोन्याचे. मी लिहिलं, ‘आठशे घे.’

पाठवलं आणि लगेच खटकलं. कारण तोपर्यंत इंग्लंडच्या दोन गोष्टी वाचून झाल्या होत्या. 1992 मध्ये सफकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. निवृत्तीची भेट म्हणून डिटेक्टर मिळालेले त्याचे मित्र एरिक लॉज ती शोधायला गेले. रोमन काळातली 14,865 नाणी आणि वर दोनशेच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तू निघाल्या. हातोडीही सापडली. आज तीसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसरी गोष्ट 2009 ची. स्टॅफर्डशायरमध्ये अँग्लो-सॅक्सन सोन्याचा असा साठा सापडला की त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. सापडवणाऱ्या टेरी हर्बर्टचा डिटेक्टर चौदा वर्षांचा जुना, सेकंडहँड बाजारातून अडीच पौंडांना घेतलेला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. मी हे भाच्याला कळवलं नाही. त्याचं क्रेडिट कार्ड वापरून झालं होतं, आणि अडीच पौंडांचा डिटेक्टर घ्यायचा तर आधी शेत अँग्लो-सॅक्सन लागतं.

पुढच्या मे महिन्यात तो आंबे खायला आला तो यंत्राची दांडी मोडून बॅगेत घालूनच. आमचं घर देवरुखच्या अलीकडे. मामीची मोत्याची कुडी दोन वर्षांपूर्वी परड्यात आंब्याच्या पेट्या भरताना पडली होती, फिरकी ढिली होऊन. बारीक सोनं, म्हणजे चौथ्या तऱ्हेचंच काम. सकाळी साडेसातला यंत्र सुरू झालं आणि जमिनीला टेकताच किंचाळलं. आमच्याकडे सगळा जांभा. घराच्या भिंती त्याच्या, गडगा त्याचा, परड्यातली माती म्हणजे त्याचाच भुगा. रंग तांबडा आहे तो लोहामुळेच, बेंडिगोच्या मातीचा सख्खा भाऊ शोभावा असा. भाचा शांतपणे एक बटण दाबून कॉइल खाली-वर, खाली-वर करत राहिला, सूप पाखडावं तसं. हळूहळू आवाज बसला आणि बारीक गुणगुण तेवढी उरली. जमीन कानाआड झाली होती. जे शिकवायला ब्रूस कँडीसारख्यांची अख्खी हयात गेली, ते पोराने अर्ध्या मिनिटात केलं.

गडग्यावरून शेजारच्या काकू बघत होत्या. ‘पोरगा पायाळू आहे का रे?’ त्यांनी मला विचारलं. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन आणि पाणी दिसतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. डोळ्यांत काजळ घालून अशा पोरांना रात्री-अपरात्री माळावर नेत. या गुप्तधनाच्या वेडापायी माणसांचे बळीही गेले आहेत. म्हणून 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्या प्रकाराला कलम आहे. पायाळू नाही, सिझेरियनचा आहे, असं मी सांगितलं. काकूंना ते यंत्राइतकंही पटलं नाही.

पडद्यावर उणे नऊपासून चाळीसपर्यंत आकडे येतात. शून्याच्या खाली लोखंड. दुपारपर्यंत आम्ही उणे आकडे सोडून दिले, आणि एक-दोनचा आकडा दिसला की खुरप्याने उकरत राहिलो. दर वेळी गोळ्यांच्या पाकिटांची ॲल्युमिनियमची पट्टी. आईच्या रक्तदाबाचा दहा वर्षांचा इतिहास त्या परड्यात पुरलेला निघाला. या पट्ट्या बंद करतो, भाचा म्हणाला. नको, म्हटलं, कुडीही बंद होईल.

कुडी सापडली नाही. विहिरीच्या वाटेवर एक ठणठणीत मोठा आकडा लागला. वीतभर उकरल्यावर भोकाचा पैसा निघाला, 1944 चा. मामीने चिंचेने घासून चकचकीत करून ओट्यावर ठेवला. आता पंचाईत अशी की 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे, आणि जमिनीत लपलेलं सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. जुन्या नाण्यांच्या बाजारात या पैशाचे दहाच्या वर येतील की खाली, यावर भाचा आणि त्याची मामी यांचं रात्री जेवणं होईपर्यंत चाललं होतं.