वरळीतला मरुत

मुंबईकर मनुष्य वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात जातो तो बहुधा मुलांचे बोट धरून. या केंद्राचे विज्ञान उद्यान १९७९ साली, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, खुले झाले आणि १९८५ साली संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले. तेथे उघड्यावर एक लढाऊ विमान उभे आहे. मुले त्यापुढे क्षणभर थांबतात आणि खेळाकडे पळतात. वडीलधाऱ्यांनाही त्याची कुळकथा ठाऊक असतेच असे नाही. ती थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

विमानाचे नाव एचएफ-२४ मरुत. मरुत म्हणजे वारा. ज्याच्या पुत्राला आपण मारुती म्हणून गावोगाव पुजतो, तोच. बंगळूरच्या ज्या कारखान्यात ते घडले, त्याचा पाया १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी घातला. तेथेच डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले. परंतु शिकाऊ विमान निराळे आणि ध्वनीच्या वेगाशी स्पर्धा करणारे निराळे. म्हणून १९५६ साली कुर्ट टांक या जर्मन अभियंत्यास पाचारण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील फोके-वुल्फ १९० हे नामांकित विमान त्यांचेच. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मरुत प्रथम उडविले.

येथवर सारे ठीक झाले. घोडे अडले ते इंजिनापाशी. आखणी होती ध्वनीच्या दुप्पट वेगाची, आणि त्यासाठी एक अधिक जोराचे ब्रिटिश इंजिन गृहीत धरले होते. त्याचा खर्च इंग्लंडने सोडून दिला. आपल्या सरकारनेही तो उचलला नाही. अखेर हाताशी होती ती ऑर्फियस ७०३ जातीची दोन इंजिने बसवावी लागली. देह पैलवानाचा आणि खुराक पोराचा, अशी स्थिती झाली. विमान ध्वनिवेगाच्या आसपासच घुटमळले. इजिप्तच्या इंजिनाचा प्रयोगही फळाला आला नाही. जोर वाढविलेल्या एका मरुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास यांना प्राणास मुकावे लागले.

तथापि डिसेंबर १९७१ च्या युद्धात हेच विमान कामास आले. राजस्थानातील जोधपूर व उत्तरलाई येथून १० व २२० क्रमांकांच्या स्क्वाड्रन उडत आणि सिंधच्या वाळवंटात आपल्या सैन्याला साहाय्य करीत. जमिनीलगत ते स्थिर राही, चार तोफांचा मारा जबर असे, आणि एक इंजिन निकामी झाल्यावरही वैमानिक सुखरूप परतल्याची उदाहरणे आहेत.

युद्धानंतर मात्र मरुतचे दिवस भरत आले. एकूण सुमारे दीडशे विमाने बांधली गेली आणि १९९० च्या सुमारास शेवटची निवृत्त झाली. काही संग्रहालयांत गेली. एक तर टांक यांच्या जर्मनीत, म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे आहे. एक आपल्या वाट्याला वरळीत आले.

मरुत फसला असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते फसली ती चिकाटी. विमान बांधून शिकलेले हात पुढच्या विमानाची वाट पाहत राहिले. नव्या स्वदेशी लढाऊ विमानाला मंजुरी मिळाली ती १९८३ साली, आणि तेजस आकाशात गेले ४ जानेवारी २००१ रोजी. त्याचेही इंजिन अमेरिकेचेच! चाळीस वर्षांनंतरही गाठ तेथेच राहिली.

विद्या ही वारशाने आपोआप उतरत नाही. ती एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावी लागते. वरळीतला मरुत मुलांना दाखविताना पंख व तोफा अवश्य दाखवाव्यात. परंतु त्याच्या पोटात कोणाचे इंजिन होते हेही सांगावे. ते ऐकून एखाद्या मुलाने ‘आपले का नव्हते?’ असे विचारले, तर त्या विमानाचे तेथे उभे राहणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.