गुलाबी पडलेल्या खुर्च्या

आज फुटबॉलबद्दल बोलायचं आहे, पण गोलांबद्दल कमी आणि पगारपत्रकाबद्दल जास्त.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं संडरलँड हे जहाजांचं आणि कोळशाचं शहर. १९८८ मध्ये तिथली शेवटची जहाजगोदी बंद झाली, १९९३ मध्ये मंकवेअरमथची खाण. त्याच खाणीच्या जागेवर १९९७ मध्ये फुटबॉल क्लबचं नवं मैदान उभं राहिलं, ‘स्टेडियम ऑफ लाइट’. बाहेर खाणकामगाराच्या दिव्याचं शिल्प आहे. बापजादे जिथे जमिनीखाली उतरले, तिथे आता मुलं-नातवंडं मॅच बघतात.

आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो, त्यामुळे आपल्याला घसरण म्हणजे काय ते चटकन कळत नाही. प्रीमियर लीगमधले तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. टीव्हीचा पैसा एकदम आटतो. काही वर्षं ‘पॅराशूट’ नावाची भरपाई मिळते, पण सही झालेले करार काही खाली उतरत नाहीत.

संडरलँड १० हंगाम वर राहून २०१७ मध्ये तळाला गेला. मग करारांतली एकेक ओळ बोलू लागली. संघ घसरला तर फुकट जाता येईल, असं कलम जर्मेन डिफोकडे होतं. त्यांचा सर्वांत भरवशाचा गोल करणारा हा खेळाडू एक पौंडही न देता गेला. गोलरक्षक जॉर्डन पिकफर्डला विकून सुमारे अडीच कोटी पौंड आले. आणि जॅक रॉडवेलच्या करारात पगारकपातीचं कलमच नव्हतं! आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड, अशा बातम्या तेव्हा होत्या. लोक त्याच्यावर चिडले. मला विचाराल तर त्याचा दोष कमी. कागद तयार करणाऱ्यांचा जास्त.

कात्री मात्र आधी दुसरीकडेच चालली होती. घसरण पक्की होण्यापूर्वीच, त्याच हंगामात, क्लबने कर्मचारीकपात जाहीर केली होती. नेटफ्लिक्सवर या क्लबची माहितीपट-मालिका आहे. तिची सुरुवात चर्चमध्ये क्लबसाठी केलेल्या प्रार्थनेने होते. मला त्यातल्या खेळाडूंपेक्षा सरावकेंद्राच्या स्वयंपाकघरातली माणसं लक्षात राहिली. त्यांच्या करारात कुठलं आलंय कलम!

२०१८ मध्ये संघ पुन्हा तळाला, थेट तिसऱ्या श्रेणीत. मालक एलिस शॉर्ट यांनी कर्ज स्वतःच्या अंगावर घेऊन क्लब विकला. तोवर मैदानातल्या लाल खुर्च्या उन्हापावसाने फिकट गुलाबी पडल्या होत्या. त्या उन्हाळ्यात चाहते पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि विनामोबदला खुर्च्या बदलू लागले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रॅडफर्डविरुद्धच्या मॅचला ४६,०३९ माणसं होती. इतकी गर्दी वरच्या श्रेणीतल्या कित्येक मैदानांत मावतसुद्धा नाही.

तिथे चार हंगाम गेले. २०२२ मध्ये एक पायरी वर, आणि मे २०२५ मध्ये वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला २-१ हरवून पुन्हा प्रीमियर लीग. ९५व्या मिनिटाला विजयी गोल केला तो क्लबच्याच अकादमीत घडलेल्या १९ वर्षांच्या टॉम वॉटसनने. त्याला ब्रायटनला विकण्याचा व्यवहार तेव्हा आधीच ठरून गेला होता.