लुकलुकणारी पणती कोणी केली होती?

दिवाळी आली की ग्रुपवर लुकलुकणारी पणती येते. गणपतीत कान हलवणारा बाप्पा येतो, पंधरा ऑगस्टला फडफडणारा तिरंगा. दोन सेकंदांचं चित्र, पुन्हा पुन्हा तेच. आपण बघतो, पुढे ढकलतो, विसरतो. त्याला जिफ म्हणतात एवढं आता आजीलाही माहीत झालंय. पण ही पणती पहिल्यांदा केली कोणी, कशी केली आणि ती करणारी माणसं गेली कुठे, हे कोणी विचारत नाही.

नाशिककरांनी तरी विचारायला हवं. कारण एकामागून एक स्थिर चित्रं ठेवून निर्जीव वस्तूला हलवायची ही विद्या आपल्या देशात ज्यांनी रुजवली, ते दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे.

‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या आधीचं एक छोटं काम मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेतलं. सगळी चित्रं सलग दाखवली तेव्हा पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचं नाव. सिनेमासाठी भांडवल मिळवायला हा नमुना कामी आला. पुढे ते नाशकात आले आणि १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी जराशी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. पडद्यावर काड्या आपोआप चालायला लागतात.

तो चित्रपट आज उपलब्ध नाही. आपल्या गावातल्या या कामाचं आपल्याकडे फक्त नाव उरलंय. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच वाटेने गेली आहे.

आता सत्तर-पंचाहत्तर वर्षं पुढे येऊ. १९८७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने जिफ ही चित्राची फाइल बाजारात आणली. स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. (गिफ की जिफ हा वाद विल्हाइट यांनी स्वतःच २०१३ मध्ये मिटवला: जिफ. लोक तरी भांडतातच.) अडचण साधी होती. टेलिफोनच्या तारेतून चित्र पाठवायचं, तर ते लहान हवं. म्हणून एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. एकाच रंगाचे ठिपके ओळीने आले की ते प्रत्येक वेळी वेगळे न लिहिता थोडक्यात नोंदवायचे. फोटोला ही पद्धत मानवत नाही, पण सपाट रंगांच्या चित्राला फारच उपयोगी. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत पारदर्शक पार्श्वभूमी आली आणि प्रत्येक चित्र किती शतांश सेकंद थांबवायचं हेही फाइलमध्येच लिहिता येऊ लागलं. १९९५-९६ मध्ये नेटस्केप ब्राउझरने त्यात एक भर घातली: शेवटचं चित्र झालं की परत पहिल्यावर जायचं. झालं! पणती कायमची लुकलुकायला लागली.

ही पणती करायची कशी, तेही सांगतो, कारण नव्या पोरांना वाटतं बटण दाबलं की होत असेल. पेंटसारख्या प्रोग्रामात ३२ बाय ३२ ठिपक्यांचा चौकोन घ्यायचा. म्हणजे १०२४ ठिपके. तो मोठा करून माउसने एकेक ठिपका भरायचा. खाली तपकिरी मातीची पणती, वर पिवळी ज्योत, मधोमध पांढरट ठिपके. मग त्याची नक्कल करून ज्योत एक ठिपका डावीकडे. तिसऱ्या चित्रात उजवीकडे. तिन्ही चित्रं जिफ जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामात घालून वेळ ठरवायची. फार भराभर केली तर ज्योत थरथरते, सावकाश केली तर अडखळते. हात बसायला दिवस जायचे.

आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटायचं काही कारण नव्हतं. ठिपक्यांची रांगोळी दुसरं काय असते? येवल्याचा विणकर पैठणीच्या पदरावर मोर काढतो, तो धागे मोजूनच. कोणता धागा कुठे थांबणार हे चुकलं, तर मोराची मान वाकडी. आणि ज्या सुझन केअर यांनी १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी ती प्रसिद्ध छोटी चिन्हं काढली, त्याही आधी चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरूनच काढत होत्या. कला जुनी, फक्त कापड बदललं.

आकार लहान का ठेवायचा, हे आजच्या फाइव्ह-जीच्या जमान्यात पटणार नाही. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, आधी मोजक्या मोठ्या शहरांत. विद्यार्थ्यांसाठी जे स्वस्त खातं होतं, त्यात फक्त अक्षरं दिसत, चित्र नाहीच. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि मग गल्लोगल्ली सायबर कॅफे झाले. २८.८ च्या मोडेमवर सगळं सुरळीत असलं तर सेकंदाला साडेतीन केबी यायचे. ३ केबीची पणती एका सेकंदात. १०० केबीच्या फोटोला अर्धा मिनिट. तासाचे पैसे मोजणाऱ्याला हा फरक खिशात कळायचा. त्यामुळे चार रंग कमी करून फाइल अर्धी करणारा माणूस त्या काळी उस्ताद समजला जाई.

ही चित्रं लागत होती कशाला? स्वतःचं पान सजवायला. १९९४ च्या सुमारास जिओसिटीज सुरू झालं आणि कुणालाही फुकटात घर बांधता येऊ लागलं. घर शब्दशः, कारण तिथे वस्त्या होत्या आणि प्रत्येकाला घर नंबर. सिनेमावाले हॉलीवूडमध्ये, संगणकवाले सिलिकॉन व्हॅलीत. नवीन मजकुरापुढे चमकणारं ‘न्यू’, पत्र पाठवा म्हणून उडणारं पाकीट, आणि सगळ्यात लोकप्रिय म्हणजे फावडं मारणारा कामगार: काम चालू आहे. सिंहस्थ जवळ आला की आपल्या शहरात जी पाटी सगळीकडे दिसते तीच. आणि इथल्यासारखीच तिथेही कित्येक पानांवर ती पाटी कधी उतरलीच नाही.

मराठी माणसाला या चित्रांची आणखी एक गरज होती. त्या काळात संगणकावर मराठी वाचायची, तर लिहिणाऱ्याकडचा फॉन्ट वाचणाऱ्याकडेही हवा. नसला तर समोर नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती खरी, पण विंडोजमध्ये तिची नीट सोय आली ती विंडोज २००० पासून, आणि लोकांच्या घरात पोचायला आणखी वर्षं गेली. १९९६ च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू झालं, परदेशातला मराठी माणूस मराठी शोधत नेटवर आला, तेव्हाही हा फॉन्टचा गोंधळ होताच. मग हमखास मराठी दिसायचा उपाय कोणता? अक्षरांचंच चित्र करा. ‘गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा’ हे चार ठिपक्यांच्या जाडीत काढा, कडेला दोन समया पेटवा आणि जिफ म्हणून लावा. न्यू जर्सीत काय, नाशकात काय, कुठलाही संगणक ते दाखवणारच. म्हणजे ही चित्रं नुसती नटवेगिरी नव्हती. काही वर्षं ती मराठीची गाडी ओढत होती.

या बाजारात पैसा नव्हता. एकाने केलेली समई दुसरा उतरवून घेई, तिसरा तिचा रंग बदले. रिवाज एकच: चित्र न्या, पण स्वतःच्या जागेत ठेवा, माझ्या जागेवरून ओढू नका, आणि जमलं तर माझ्या पानाचं नाव लिहा. पहिलं लोक पाळत, दुसरं क्वचित. चित्राच्या कोपऱ्यात सही करायलाही जागा नसे. १०२४ ठिपक्यांत सही कुठे करणार? त्यामुळे चित्रं जगभर पोचली आणि करणारे निनावी राहिले. पुढे ऑर्कुटवर दिवाळीच्या चमचमत्या स्क्रॅपांचा पूर आला, तेव्हा तर कोणी कोणाचं घेतलं याचा हिशेबच उरला नाही.

मग बुलडोझर आला. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे शेअर देऊन जिओसिटीज घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ ला बंद केलं. सूचना दिली होती, पण किती जण परत येऊन आपलं घर आवरणार? कुणाचा पासवर्ड गेलेला, कुणी संसाराला लागलेला. ऑर्कुट गेलं ३० सप्टेंबर २०१४ ला. आपल्या नदीकाठचे वाडे पडताना निदान आवाज होतो, धूळ उडते, पेपरात फोटो येतो. इथे काहीच नाही. एक दिवस पान उघडत नाही, बस.

थोडं वाचलं ते सरकारमुळे नाही, कंपनीमुळे नाही. जेसन स्कॉट आणि त्यांच्या आर्काइव्ह टीमच्या हौशी मंडळींनी बंद होण्याआधी पानं उतरवून घेतली, आणि २०१० मध्ये सहाशे जीबीहून मोठा साठा लोकांना खुला केला. २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्हने ‘जिफसिटीज’ नावाने ४५ लाख हलती चित्रं शोधता येतील अशी सोय केली. पण आपली अडचण इथेही आहे. सुरुवातीला तो शोध फाइलच्या नावाभोवती होता. चित्रात कोरलेलं मराठी ही अक्षरं नाहीत, ठिपके आहेत. ज्या युक्तीने मराठी पडद्यावर आली, तीच युक्ती आज तिला शोधू देत नाही. ते चित्र आपलं आहे हे ओळखायला मराठी माणूसच लागेल.

आणि इथे फाळक्यांची गोष्ट परत उपयोगी पडते. फाळक्यांचं जे काही आज बघायला मिळतं, ते आपोआप वाचलं नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. पी. के. नायर हे गृहस्थ रिळांचे तुकडे शोधत लोकांच्या दारापर्यंत गेले, फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंतही. तेव्हा ‘कालिया मर्दन’सारखं काम हाती लागलं. ‘आगकाड्यांची मौज’ला कोणी वेळेत गाठलं नाही. पांडवलेणीच्या पायथ्याशी आपण स्मारक बांधलं, छानच केलं. पण स्मारकात आगकाड्या चालत नाहीत.

लोक म्हणतील, फाळके कुठे आणि ही पोरकट चित्रं कुठे! मान्य. दोन्ही एका तोलाची आहेत असं माझं म्हणणं नाही. पण १९१५ मध्ये काड्यांचा खेळही अनेकांना पोरखेळच वाटला असेल. कोणती गोष्ट पुढे मोलाची ठरणार हे त्या वेळी कळत नाही, म्हणून तर जपून ठेवायचं असतं. सामान्य मराठी माणूस संगणकावर पहिल्यांदा काय बोलला, कसा सण साजरा केला, याचा हा पुरावा आहे.

तेव्हा दोन कामं सुचवतो. एक, घरातल्या माळ्यावरच्या जुन्या सीडी आणि फ्लॉप्या भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. फ्लॉपी वाचणारं यंत्र आता सहज मिळत नाही, सीडीचा थर वर्षागणिक खराब होतो. ज्यांनी तेव्हा डीटीपीची दुकानं, सायबर कॅफे चालवले, त्यांच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये तर खजिना असेल. सापडलेल्या फाइलला साल, गाव आणि करणाऱ्याचं नाव लिहा, पण नाव त्याला विचारूनच. दुसरं, १८४० पासून पुस्तकं सांभाळणारं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. अशा संस्थेत एक संगणक आणि दोन हौशी पोरं बसली, तरी नाशिकचा हा कोपरा जमा करता येईल. कोटीचा निधी नको, टेंडर नको. महापालिकेने मनावर घेतलं तर उत्तमच, पण तिची वाट बघत बसू नका.

कोणाकडे तेव्हाची चित्रं असतील, स्वतः केलेली असतील, तर खाली लिहा. आणि दिवाळीला कुणाची पणती पुढे पाठवाल, तेव्हा करणाऱ्याचं नाव माहीत असलं तर तेवढं जोडा. एवढ्याने फाइल काही जड होत नाही.