भिवपुरीची ‘शक्ति’



मुंबईहून कर्जताकडे जातांना नेरळ मागें पडलें कीं भिवपुरी रोड हें स्टेशन लागतें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या या भिवपुरीस १९२२ सालीं टाटांचें वीजघर सुरू झालें. मावळांत ठोकरवाडी येथें आंध्रा नदीस धरण घातलें, बोगद्यांतून व नळांतून तिचें पाणी सुमारें ५०० मीटर खालीं आणलें, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. या विजेस आपण ‘विद्युच्छक्ति’ म्हणतों. परंतु ‘शक्ति’ हा शब्द येथवर येईपर्यंत अनेक शास्त्रांच्या घरीं राहून आलेला आहे.

महाभारतांत शक्ति हें अस्त्र आहे. इंद्रानें दिलेली शक्ति कर्णाला एकदांच वापरतां येणार होती. ती घटोत्कचावर खर्ची पडली. कौटिल्याच्या राजनीतींत शक्ति तीन: ज्ञानाची ती मंत्रशक्ति, कोश व सैन्य यांची ती प्रभुशक्ति, पराक्रमाची ती उत्साहशक्ति, आणि तिहींत मंत्रशक्ति श्रेष्ठ. नैयायिक शब्द व अर्थ यांच्या संबंधास शक्ति म्हणतात. मम्मटाच्या मतें काव्याच्या मुळाशीं असणारी कवीची उपजत प्रतिभा म्हणजे शक्ति. देवीच्या उपासकांस तर ती साक्षात् जगन्माता.

पदार्थविज्ञानानें हाच शब्द घेतला व त्याला काटेकोर कुंपण घातलें. बल, ऊर्जा आणि शक्ति हे तीन शब्द घरांत एकाच अर्थानें चालतात. वर्गांत चालत नाहींत. पाणी खालीं ओढतें तें बल. ठोकरवाडीच्या तलावांत उंचावर सांठून आहे ती ऊर्जा. ती ऊर्जा दर सेकंदास किती वापरांत येते, तें माप म्हणजे शक्ति. तलाव तुडुंब भरलेला असला तरी झडप बंद असेल तर यंत्राची शक्ति शून्य! भिवपुरीची क्षमता ७५ मेगावॅट, म्हणजे सुमारें १ लक्ष अश्वशक्ति. मुलांस मी हमालाचें उदाहरण देत असें: एकच पोतें एकाच माडीवर दोघांनीं नेलें तर काम सारखें, जो लवकर नेईल त्याची शक्ति अधिक.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाहीं. आपल्या वीजबिलांतील ‘युनिट’ हें ऊर्जेचें माप आहे, शक्तीचें नव्हे. एक किलोवॅटचें उपकरण तासभर चाललें कीं एक युनिट होतें. २०२३ सालीं भिवपुरीस १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाचा करार झाला. रिकाम्या वेळीं पाणी वर चढवावयाचें व गरजेच्या वेळीं खालीं सोडावयाचें, अशी ही योजना. असा आंकडा वाचतांना ‘किती तास?’ हा प्रश्न सुज्ञानें विचारलाच पाहिजे.

आणखी एक प्रश्न कौटिल्याच्या अर्थानें विचारावा लागतो. १९२१ सालीं टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध मावळ्यांनीं सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले व ‘सेनापति’ म्हणून ओळखले जाऊं लागले. एका बाजूस कायदा व पैसा यांची प्रभुशक्ति, दुसऱ्या बाजूस शेतकऱ्यांची उत्साहशक्ति. धरण झालें, जमिनी बुडाल्या, आणि भिरा येथें वीज निर्माण झाली. त्या विजेची मोजदाद वॅटांत झाली. बुडालेल्या गांवांची मोजदाद करावयास त्या शास्त्रांत माप नाहीं. म्हणून ‘शक्ति’ हा शब्द कानीं आला कीं तो कोणत्या शास्त्राच्या तोंडून येत आहे, हें आधीं पाहावें, इतकीच माझी विनंती आहे.