तळटीप : ‘साठ टक्के ब्लॉकेज’
कराड, सांगली किंवा मिरजेच्या अँजिओग्राफी अहवालात दिसणारा हा आकडा सावलीवरून केलेला अंदाज असतो; ४० ते ७० टक्क्यांच्या मधल्या अरुंदीत तेवढ्यावरून स्टेंटचा निर्णय घेणे धोक्याचे ठरते. कालव्याच्या मोरीचे तोंड मोजणे वेगळे आणि पलीकडच्या शेताला पाणी पोचते का हे पाहणे वेगळे, तसाच फरक येथील दोन पद्धतींत आहे. पहिलीत कॅथेटरच्या टोकावरील ध्वनिलहरींनी (आयव्हस) किंवा प्रकाशाने (ओसीटी) रोहिणीची भिंत, आतील चरबीचा थर व पोकळीचे क्षेत्रफळ दिसते. दुसरीत केसासारखी तार अडथळ्यापलीकडे नेऊन, अ‍ॅडेनोसिनने रक्तप्रवाह वाढवून, पलीकडचा दाब महारोहिणीतील दाबाच्या किती पट उरतो हे मोजतात (एफएफआर), आणि हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याखाली आल्यास स्टेंट उचित मानतात. कोरिया व चीनमधील १,६८२ रुग्णांच्या ‘फ्लेवर’ चाचणीत (२०२२) मृत्यू, हृदयविकाराचा झटका व पुन्हा करावे लागलेले उपचार यांचे दोन वर्षांतील एकत्रित प्रमाण एफएफआर गटात ८.१, तर आयव्हस गटात ८.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. मात्र अँजिओप्लास्टी एफएफआर गटात ४४.४ टक्के रुग्णांची झाली आणि आयव्हस गटात ६५.३ टक्के रुग्णांची. शेतीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा दुसरा फरकच अधिक मोलाचा आहे, कारण टळलेल्या प्रत्येक स्टेंटबरोबर पुढची दुहेरी रक्तपातळ औषधेही टळतात. स्टेंट बसवायचाच ठरला, तर त्याचे माप निवडण्यासाठी व तो भिंतीला नीट टेकला की नाही हे पाहण्यासाठी प्रतिमांना पर्याय नाही. दाबाची तार ते दाखवू शकत नाही. खर्चाच्या बाबतीत, फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने घातलेली किमतीची मर्यादा स्टेंटपुरती होती, या तारा व कॅथेटर तीत आले नाहीत.