क्लोरपायरीफॉसचे शरीरातील विघटन व उत्सर्जन

क्लोरपायरीफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर (ता. निफाड) ज्या द्राक्षपट्ट्यात मोडते, तेथे कीटकनाशकांची फवारणी हा शेतीकामाचा नित्याचा भाग आहे. त्यामुळे अशी द्रव्ये शरीरात गेल्यावर त्यांचे काय होते, हे समजणे महत्त्वाचे ठरते.

शोषण

हे द्रव्य त्वचा, श्वास व तोंड या मार्गांनी शरीरात शिरते. स्वयंसेवकांवरील एका अभ्यासात तोंडावाटे दिलेल्या मात्रेचा सुमारे ७० टक्के भाग मूत्रात आढळला. त्वचेवाटे शोषण ३ टक्क्यांहून कमी होते. मात्र द्रावणाने भिजलेले कपडे अंगावर राहिल्यास संपर्काचा काळ आणि शोषण वाढते.

विघटन

यकृतातील सायटोक्रोम पी-४५० विकरे यावर दोन प्रकारे क्रिया करतात. एकीत गंधकाच्या जागी ऑक्सिजन येऊन क्लोरपायरीफॉस-ऑक्सॉन बनते. हे मूळ द्रव्यापेक्षा अधिक विषारी असून ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला निष्क्रिय करते. दुसऱ्या क्रियेत रेणू तुटून ट्रायक्लोरोपिरिडिनॉल हे तुलनेने कमी विषारी द्रव्य मिळते. रक्त व यकृतातील पॅराऑक्सोनेज विकर ऑक्सॉनचेही असेच विघटन करते. नवजात बालकांत हे विकर कमी असल्याने त्यांना धोका अधिक असतो.

उत्सर्जन

ट्रायक्लोरोपिरिडिनॉल बव्हंशी ग्लुक्युरोनिक आम्लाशी संयोग पावून मूत्रावाटे बाहेर पडते. त्याचा अर्धायुकाल सुमारे २७ तास आहे. मूळ द्रव्य मेदात साठत असल्याने मोठ्या मात्रेनंतर लक्षणे लांबू शकतात. मूत्रातील अंश केवळ संपर्क दर्शवतो. परिणाम जाणण्यासाठी रक्तातील कोलिनएस्टरेज तपासतात.

वैद्यकीय महत्त्व

लाळ गळणे, घाम, बाहुल्या आकुंचन पावणे, स्नायूंचे स्फुरण व श्वासावरोध ही विषबाधेची लक्षणे होत. दूषित कपडे काढून त्वचा साबण-पाण्याने धुणे हा प्रथमोपचार आहे. रुग्णालयात ॲट्रोपीन देतात. प्रॅलिडॉक्झिम वापरायचे झाल्यास ते लवकर द्यावे लागते, कारण काही काळाने विकराशी झालेला बंध पक्का होतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेत २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर राज्य शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत याच गटातील मोनोक्रोटोफॉसचा समावेश होता. मोनोक्रोटोफॉसला विषारी होण्यासाठी यकृतातील रूपांतराची गरज नसते. ते थेट क्रिया करते.